सोपटाची दोरी

"पोर आईशिवाय झोपत नाही" ही अफवा आयांनीच उठवलेली आहे. मी स्वतः ती पाच वर्षं गावभर पसरवत होते, म्हणून खात्रीनं सांगते.

गोष्ट १९६७ च्या जुलैमधली. रावेरकडच्या आमच्या गावी सून होऊन आले त्याला सात वर्षं झाली होती. माहेर अमळनेरचं. वडील तेलाच्या कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि मुलगी मॅट्रिक झालीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. मॅट्रिक झाले आणि लगेच मला केळीच्या बागा असलेल्या घरात देऊन टाकलं. मग शिकवलं कशाला, हे मला कुणी सांगितलं नाही. सात वर्षांनी मीच त्याचं उत्तर शोधलं. जळगावच्या एका अध्यापिका विद्यालयात अर्ज टाकला, यजमानांची सही घेतली आणि सगळं विसरून गेल्याचं सोंग केलं. जूनच्या शेवटी कागद आला. निवड झाली होती. पहिल्या ऑगस्टला हजर व्हायचं, दोन वर्षं वसतिगृहात राहायचं, पहिला महिना संपला की शनिवारी घरी यायला परवानगी.

यजमानांचं नाव लीलाधर. आता सरळ नाव घेते, तेव्हा उखाणा लागायचा. ते फळविक्री संघात होते. रात्रभर स्टेशनवर उभं राहून केळ्यांच्या वॅगनी भरून घ्यायच्या, पहाटे गाडी दिल्लीकडे सुटली की घरी येऊन दुपारपर्यंत घोरायचं, असा त्यांचा दिनक्रम. कागद वाचून ते म्हणाले, "जाय ना. पन अक्काले तूच सांग." एवढं बोलून गडी अंगणात चूळ भरायला निघून गेला.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, सुगंधाबाई. त्यांना दमा होता. आडवं झालं की छाती भरून यायची, म्हणून रात्रभर त्या पडवीतल्या खांबाला उशी लावून बसलेल्या असायच्या. सोळा वर्षं त्या तशाच बसत होत्या. मी कागद वाचून दाखवला तेव्हाही त्या खांबालाच टेकल्या होत्या. माझी कोकिळा शेजारी चिंचोके खेळत होती. पाच वर्षांची माझी एकुलती एक पोर. तिला झोपताना माझा कान धरायला लागायचा; पदर नाही, हात नाही, कानच.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू जाशील, ते ठीक. पोरगी रातची कोनाजवळ निजीन? माह्याजवळ निजवू नको म्हने डाक्टर, मी तं रातभर खोकते. लीलाधर वॅगनीवर. मंग ती एकलीच राह्यली का नही?"

"हो," मी म्हटलं.

"तं मंग जायच्या आधी तिले एकली निजायले शिकव. लागोपाठ पंधरा राती एकली निजली पाह्यजे. एक रात उठून आली, तं पुन्हा पयल्यापासून. निजली तं जाय. नही निजली तं हा कागद चुलीत घाल."

राग आला तो त्या बोलण्यात खोट काढता येईना म्हणून. सासू दुष्ट असली की बरं असतं. चार बायकांत सांगता तरी येतं. इथे म्हातारी बरोबर बोलत होती आणि माझी दोन वर्षं एका पाच वर्षांच्या पोरीच्या झोपेवर टांगली गेली होती.

माजघराला लागून एक लहान खोली होती. तिला आम्ही केळ्यांची खोली म्हणायचो. घरात लग्न किंवा पूजा असली की कच्चे घड तिथे केळीच्या वाळक्या पानांत रचायचे, कोपऱ्यात गोवऱ्यांची धुनी ठेवायची, दार शेणामातीनं लिंपून टाकायचं. चौथ्या दिवशी दार फोडलं की सगळी खोली पिवळी झालेली असायची. त्या वर्षी घरात काही कार्य नव्हतं, खोली रिकामी होती. पण वास कुठे जातो? भिंतीच मुळी पिकलेल्या केळ्यांच्या वासाच्या झाल्या होत्या. उन्हाळ्यातही ती खोली माजघरापेक्षा जास्त उबदार असायची आणि पावसाळ्यात तर तिथे गेलं की डोळे आपोआप मिटायला लागत. पलीकडच्या भिंतीला बाजेच्या उंचीवर एक झरोका होता, हात जाईल एवढा. तो गोठ्यात उघडायचा.

मी खोली सारवली. बाज टाकली. वर माझं जुनं जांभळं लुगडं दुमडून घातलं. कोकिळेला आत नेऊन सांगितलं, "बघ, इथे केळी झोपायची. हिरवी हिरवी यायची, चार दिवस अंधारात झोपायची आणि उठली की पिवळी, गोड. तूही इथे झोपलीस की गोड होशील."

तिनं विचार केला. "केळी एकली एकली निजतात?"

"हो."

"खोटं. ती घडात ऱ्हातात. एकमेकीच्या अंगावर पाय टाकून."

मास्तरीण व्हायला निघाले होते आणि पहिल्याच वर्गात विद्यार्थिनीनं गप्प केलं.

पहिली रात्र बारा वाजेपर्यंत टिकली, दुसरी त्याच्याही आधी संपली. तिसऱ्या रात्री ती उठून आली नाही. दारात बसून रडत राहिली, आणि ते उठून येण्यापेक्षा वाईट होतं. त्यात आमची गाय तांबू नुकतीच व्यालेली. सकाळचं दूध मिळावं म्हणून रात्री वासराला गायीपासून वेगळं बांधतात, तसं त्यालाही झरोक्याखाली गोठ्याच्या कोपऱ्यात बांधलेलं. तेही रात्रभर हंबरायचं. आत पोर रडायची, बाहेर वासरू ओरडायचं, पडवीत अक्का खोकायच्या. घराचा नुसता बाजार झाला होता. सकाळी अक्का फक्त माझ्याकडे बघून चहा फुंकायच्या. असा एक आठवडा गेला. मी मनातल्या मनात कागद चुलीत घालून पाहिला. जळताना तो फार लवकर जळला.

मग एका दुपारी बागेत डबा घेऊन गेले होते. गडी केळीची वाळकी सोपटं सोलून त्या सोपटांनीच घड बांधत होते. केळीच्या खोडाला एकावर एक साली असतात, त्या वाळल्या की त्याला सोपट म्हणतात. दिसायला कागदासारखं, पण ओढलं तर माणूस थकेल, ते तुटत नाही. मी तिथेच उभी राहून एका गड्याचे हात बघत राहिले. घरी येताना पदरात सोपटांचं एक भेंडोळं घेऊन आले.

अक्का दुपारी डुलकी काढायच्या तेव्हा मी माजघरात बसून दोरी वळली. बारीक, करंगळीच्याही निम्मी. तिला पाणी लावलं की ती मऊ पडते आणि मनगटाला टोचत नाही. एक टोक कोकिळेच्या मनगटाला, दुसरं माझ्या. मधली दोरी दाराच्या फटीतून, भिंतीच्या कडेकडेनं. जमिनीचा आणि सोपटाचा रंग सारखाच, त्यामुळे कुणाला दिसायची नाही.

कुणाला म्हणजे अक्कांना. त्यांनी "एकली" म्हटलं होतं. दोरी म्हणजे काही माणूस नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण त्यांना विचारायचं धाडस केलं नाही, यावरूनच कळतं की उत्तर मला माहीत होतं.

"हे बघ," मी कोकिळेला सांगितलं, "तुला भीती वाटली की एकदा ओढायचं. म्हणजे तू विचारलंस, माय आहेस का? मी पण एकदा ओढीन. म्हणजे आहे."

"आन् तू नही ओढलं तं?"

"तर मी झोपले असं समज."

"मंग मी काय करू?"

"मग तूही झोप. समोरचं माणूस झोपलं की आपणही झोपायचं."

तिला हा कायदा पटला. त्या रात्री तिनं दहा-बारा वेळा ओढलं. मी दहा-बारा वेळा ओढलं. मध्यरात्रीनंतर दोरी शांत झाली. सकाळी ती बाजेवरच होती, तोंड उघडं टाकून झोपलेली. मी अंगणात जाऊन उगाचच तुळशीला दोन तांबे पाणी जास्त घातलं.

त्यानंतरच्या रात्री मला आजही स्पष्ट आठवत नाहीत, आणि पूर्ण विसरताही येत नाहीत. मी झोपायचे, पण मनगट जागं असायचं. झोप आणि जाग यांच्या मधे एक ओसरी असते, तिथेच मी तीन आठवडे राहिले म्हणा ना. दूर स्टेशनवर वॅगनी एकमेकींवर आपटायच्या, इंजिन शीळ घालायचं, तिथे यजमान कंदील घेऊन उभे असतील असं वाटायचं. कौलांवरून पाणी गळायचं. दाराच्या फटीतून केळ्यांचा तो गोड, गरम वास यायचा. आणि मधूनच मनगटाला हलकी ओढ. आहेस का? आहे. आहेस का? आहे. कधी वाटायचं, मी पाण्याच्या तळाशी आहे आणि वरून कुणी तरी नावेत बसून माझी खुशाली विचारत आहे. कधी वाटायचं ती अजून पोटातच आहे आणि आतून लाथ मारते आहे. असल्या वेळी ओढीला उत्तर द्यायला मला फार आवडायचं. एकदाही मी उत्तर चुकवलं नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोकिळा म्हणाली, "माय, दोरी अजून लांब कर."

"का गं?"

"अशीच. कूस बदलता येत नही."

मला आनंद झाला. पोर धीट व्हायला लागली, आईपासून लांब जायला मागते, हेच तर हवं होतं. मी दोन हात दोरी वाढवली. दोन दिवसांनी तिनं पुन्हा मागितली, पुन्हा वाढवली. तिच्या बाजूचं टोक मात्र रोज सकाळी ओलं आणि चघळलेलं असायचं. "घाणेरडी सवय! दोरी तोंडात घालायची नाही," म्हणून मी तिला दटावलं. ती खाली बघून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. सकाळचं दूध काढायचं कामही अक्कांनी त्या दिवसांत आपल्याकडे घेतलं होतं. "मी तशी बी जागीच असते, तू नीज," म्हणाल्या. मला वाटलं, म्हातारीला सुनेची दया आली.

ओढही बदलली होती. आधी चिमणी दाणा उचलते तशी ओढायची. आता चांगली जोरकस, कधी लागोपाठ तीनदा, कधी तर मनगट बाजेच्या काठापर्यंत जायचं. मी यजमानांना कौतुकानं सांगितलं, "तुमच्या पोरीच्या हातात काय जोर आला आहे, बघा. दूध अंगी लागतं आहे तिच्या." ते म्हणाले, "लागूच दे," आणि कुशीवर वळले. वासरूसुद्धा हंबरायचं थांबलं होतं. त्यालाही सवय झाली असेल, असं म्हणून मी तो विचार सोडून दिला. माझं सगळं ध्यान रात्री मोजण्यात. अकरा झाल्या, बारा, तेरा. पंधरावी रात्र झाली तेव्हा मी अक्कांकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अजून जायले पाच दिस आहेत. पाहू." मी दोरी सोडली नाही. खरं तर आता सोडायला हरकत नव्हती. पण एक रात्र चुकली तर पुन्हा पहिल्यापासून, ही भीती होतीच. निदान मी स्वतःला तेच सांगत होते.

एकतीस जुलैची रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. पत्र्याची पेटी भरून दाराशी ठेवलेली. मला झोप येईना. दोरी सारखी ओढत होती, मी सारखी उत्तर देत होते आणि अंधारात रडत होते. पोरीला कळलं आहे उद्या मी जाणार ते, म्हणून ती विचारते आहे, आहेस का, आहेस का. उद्या ती ओढील तेव्हा दोरीच्या या टोकाला कोण असेल? दोनदा मी उठून बसले, जाऊन तिला कुशीत घ्यावं म्हणून. दोन्ही वेळा पेटीकडे पाहून पुन्हा आडवी झाले.

झुंजुमुंजू झालं. बाहेर तांब्याचा आवाज झाला. आणि कोकिळेचं हसणं ऐकू आलं. बाहेरून. "आजीमाय, तिनं शेपटी मारली माह्या तोंडावर!" असं काहीतरी ती म्हणत होती, आणि अक्का तिला दटावत होत्या.

त्याच क्षणी माझ्या मनगटाला ओढ आली.

पोर बाहेर हसते आहे आणि बाजेवरून मला कोण विचारतंय, आहेस का? माझ्या हातानं आपोआप उत्तर दिलं, तेवढी सवय झालेली. लगेच पुन्हा ओढ. मी उठले, दोरी हातात गोळा करत करत केळ्यांच्या खोलीत शिरले. बाज रिकामी. जांभळं लुगडं नीट सरकवून ठेवलेलं. दोरी बाजेवरून वर गेली होती आणि झरोक्यातून पलीकडे उतरली होती. मी झरोक्याला डोळा लावला. खाली तांबूचं वासरू. दोरीचं टोक त्याच्या गळ्यातल्या दाव्याला बांधलेलं आणि उरलेला शेंडा तोंडात. ते माझ्याकडे बघत निवांत चघळत होतं.

मी दोरी हातात घेऊन मागच्या दारानं गोठ्यात आले, तर समोर अक्का. मांडीत चरवी, शेजारी कोकिळा. माझ्या मनगटाला दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला वासरू. चोर मुद्देमालासकट पकडला जातो म्हणतात, तो असा.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, वासराकडे पाहिलं, आणि हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, तरी हसणं थांबेना.

"अठरा राती!" त्या म्हणाल्या. "अठरा राती माही सून वासराले निजवते!"

मी कोकिळेकडे वळले. "काय केलंस हे?"

ती अजिबात घाबरली नाही. "त्याची माय तिकडे बांधते ना आजीमाय. ते रडत व्हतं. त्याले कोनीच ओढत नव्हतं. मंग मी माही दोरी त्याले देल्ली. तू ओढलं का ते गप बसते, माय. लई लवकर गप बसते."

"आणि तू? तुला भीती नाही वाटली?"

"मी तं झरोक्यातून त्याले सांगत व्हती, माय आहे, माय आहे. मंग मले बी झोप लागे."

अक्कांसमोर खाली मान घालून म्हटलं, "अक्का, मी तुम्हाला फसवलं. दोरी होती. तुम्ही एकली म्हणाला होतात."

"मले पयल्या रातीपासून ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. "रातभर जाग्या मानसाले घरातलं काय दिसत नही? दुसऱ्या रातीच पोरगी पडवीत आली, मले म्हने, आजीमाय, दाव्याले गाठ कशी मारतात ते दाखव. मी दाखवली. दोन राती हात पुरत नव्हता, मीच टोक धरून बांधलं." त्यांनी चरवी खाली ठेवली. "दोरी तिच्या हाती कुठी व्हती, मंदा? पोरगी अठरा राती एकली निजली. तूच एक रात एकली नही निजली."

हे ऐकून मी गोठ्यातच खाली बसले आणि रडले. जिंकले म्हणून रडले, हसं झालं म्हणून रडले, आणि अठरा रात्री मी जिला मिठीत घेतल्यासारखी झोपले होते ती तिथे नव्हतीच, याचंही रडू आलं. अक्कांनी रडू दिलं. मग वासरू सोडून गायीखाली लावलं. ते ढुशा मारत प्यायला लागलं.

गाडीची वेळ झाली तेव्हा कोकिळा पेटीवर बसून राहिली. मला वाटलं, आता हिचा धीर सुटतो. ती म्हणाली, "माय, तू गेली का त्याची दोरी कोन ओढीन?"

अक्कांनी खांबाला टेकल्या टेकल्या आपला हात पुढे केला. हिरव्या गोंदणाचा, बारीक झालेला हात.

"आन इकडे," त्या म्हणाल्या. "मी जागीच असते."

जळगावचं आमचं वसतिगृह मेहरूण तळ्याच्या बाजूला होतं. एका लांब खोलीत चौदा खाटा. रात्री तळ्याकडून बेडकांचा आवाज यायचा आणि ओल्या गवताचा वास. तेरा बायका झोपायच्या, मी मनगट छातीवर घेऊन जागी राहायचे. मनगटाला दोरीचा वळ होता, पुसटसा. झोपेत हात ओढला गेल्यासारखा वाटायचा आणि मी दचकून उत्तर द्यायचे, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या सुनंदाबाई म्हणायच्या, "बाई, तुमचा हात फार उडतो हो." पहिला महिना मी असाच काढला. पोर एकटी झोपायला शिकली आणि आई वर्गात बसून पेंगायला.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी घरी आले. कोकिळेनं माझ्या पिशवीतली लिमलेटची गोळी खाल्ली, गावातल्या सगळ्या बातम्या दिल्या आणि दिवेलागणीला आपणहून केळ्यांच्या खोलीत जाऊन झोपली. माझा कान धरायची तिला आठवणही झाली नाही. मी माजघरात आडवी झाले. यजमान स्टेशनवर गेलेले. रात्री बऱ्याच उशिरा मी पाणी प्यायला उठले, तर पडवीत अक्का खांबाला टेकून बसलेल्या, मनगटाला सोपटाची दोरी.

"अजून वासरू त्रास देतं?" मी विचारलं.

"वासरू?" त्या म्हणाल्या. "ते केव्हाचं इसरलं. पंधरा दिस झाले, त्याले दोरी लागत नही."

"मग ही?"

तेवढ्यात दोरी हलली. चिमणी दाणा उचलते तशी, एकदाच. अक्कांनी बोटानं हळूच उत्तर दिलं. दोरी गोठ्याकडे नव्हे, आत, केळ्यांच्या खोलीकडे गेली होती.

"मी तिले म्हनलं, आता सोड, मले काय करायची दोरी? तं म्हने, आजीमाय, तू बी तं एकलीच असते." पावसाळी हवेनं त्यांच्या छातीत घरघर होत होती. "रातची उठते, एकडाव ओढते, पुन्हा निजते. सोळा वर्सं मी या खांबाले बसून रात काढली, मंदा. आहे का म्हनून मले कोनी इचारलं नव्हतं."

मीही विचारलं नव्हतं. सात वर्षं त्याच घरात, भिंतीपलीकडे झोपत होते, आणि खोकला ऐकू येऊ नये म्हणून डोक्यावरून पांघरूण घेत होते. ते आठवून मला माझीच लाज वाटली. मी त्यांच्या शेजारी खांबाला टेकून बसले. स्टेशनवर वॅगनी आपटल्या, इंजिनानं शीळ दिली. केळ्यांचा वास पडवीपर्यंत येत होता. आम्ही दोघी कितीतरी वेळ तशाच बसलो.

मग हळूहळू घरघर कमी झाली. अक्कांची मान कलली आणि बसल्या बसल्याच त्यांचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. त्यांच्या मनगटाला पुन्हा एकदा ओढ आली. उत्तर द्यायला माझा हात पुढे झाला आणि मी तो मागे घेतला. आत कोकिळेनं थोडा वेळ वाट पाहिली असेल. समोरचं माणूस झोपलं की आपणही झोपायचं, हे तिला माहीत होतं. दोरी सैल पडली, आणि मीही डोळे मिटले.